बर्फाचं विरजन

आमच्या दुकानाच्या पाटीवर नाव फकिरारावांचं हाय, पन दही माह्या हातचं. आदिलाबादच्या कापूस बाजारामांगं येऊन कोनालेही इचारा, तुळजाबाईचं दही कुठं भेटते, तो मानूस हात धरून आनून सोडन. फकिराराव म्हंजे माहे मालक. ते गल्ल्यावर बसतात अन् गिऱ्हाइकाशी तेलुगू, उर्दू, हिंदी, ज्याले जे समजन ते बोलतात. मी मांगं दुधाच्या गंजांपाशी बसते. मी फटकळ हाव, हे आधीच सांगून ठेवते, मांगून नावं ठेवू नका.

दूध काय, कुठंही भेटते. दह्याचं सारं इमान विरजनात असते. आमचं विरजन माह्या मायनं भीमपूरहून माह्यासंगं धाडलं, लग्नाच्या गाडीत मी ते वाटीसकट मांडीवर धरून बसली होती. नवरदेव बाजूले बसला होता, त्याच्याकडं पाहाले फुरसत नव्हती, वाटी हिंदकळन म्हून. तवापासून ते विरजन तुटलं नाही. माय म्हने, दिवे लागल्यावर विरजन कोनाले देऊ नये, अन् मागनारा देव असला तरी सगळंच्या सगळं देऊ नये, चमचाभर घरात राखावं. शेजारच्या सखूबाईनं एकदा सांजच्याले वाटी आनली, तिले मी दारातूनच वापस धाडली. दिवाळी येईस्तोवर बोलली नाही मंग ती माह्याशी. नाही त नाही.

आमाले एकच पोरगा, भूषण. अन् देवाची मस्करी पाहा, दूधवाल्याच्या पोराले दूध पचे नाही. अर्धा कप पोटात गेला की पोट फुगून नगारा. दही चाले, ताक चाले, दूध नाही. घरात गंजाचे गंज दूध, अन् पोरगा काळा चहा पिऊन शाळेत जाये. तेलुगू शाळेत शिकला, हैदराबादेत शिकला, मंग पुन्याकडच्या एका लॅबमधी लागला. कशात, त बुरशीत. आमच्याकडं बुरशीले बुरा म्हनतात, भाकरीले बुरा आला, लोनच्याले बुरा आला, तो बुरा.

त्यावरून एकदा काय झालं! कापसाचा एक गुजराती व्यापारी गल्ल्यापाशी उभा होता. त्यानं इचारलं, "लडका क्या करता है?" फकिराराव छाती फुगवून म्हनतात, "बुरे का काम करता है." व्यापाऱ्यानं मान खाली घातली, यांच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हने, "जवानी में होता है भाई, सुधर जाएगा." मी मांगं हासून हासून बेजार, अर्धा गंज सांडला. रात्री पोराले फोनवर सांगितलं त तो बी हासला, म्हने, आई, खरं हाय, आता मी लय दूर चाललो बुरं काम कराले, दुनियेच्या बुडाशी.

अंटार्क्टिकाले गेला तो. आपल्या देशाचं तिथं ठानं हाय, मैत्री नावाचं. उन्हाळाभर राह्यला, म्हंजे तिथला उन्हाळा, जवा दिवस बुडतच नाही. वापस आला त इथं चार दिवस नुसता बोलतच होता. म्हने, आई, सूर्य खळ्यातल्या बैलावानी गोल गोल फिरते, पन खाली बसत नाही. म्हने, तिथं वासच नाही. मातीले नाही, हवेले नाही. एक दिवस त्यानं खिशातून रुमाल काढला, त्याले आपल्या दुकानाचा वास आला, आंबूस, अन् तो तिथंच दगडावर बसून राह्यला. मी म्हनलं, मंग धुतला नव्हता का रुमाल? त म्हने, नाही. घ्या!

तिथं एका तळ्याच्या काठाले, शेवाळात, त्याले ती बुरशी भेटली. गुलाबी. गवारीच्या दान्याएवढाले गुलाबी थेंब. तो सांगे, "थंडीत बाकी सगळे जीव झोपून जातात आई, हे जागं असते. एवढ्या गारठ्यात जित्तं राहाचं म्हंजे त्याच्या अंगात काही तरी कसब असनच. ते कसब आपून मागून घ्याचं." एकापासून असा साबन होऊ शकते म्हने, जो थंड्या पान्यातच डाग काढन, पानी तापवाले सरपन नको. एकादीपासून औषध निघन. अन् हे जे त्यानं आनलं होतं, ते थंड्या दुधातली साखर खाऊन टाके. तीच साखर, जी त्याच्या पोटाले चालत नव्हती.

"एक दिवस पाहाजो," तो म्हने, "मी तुह्या हातचं गिलासभर दूध घटाघटा पिईन अन् माहं पोट दुखनार नाही."

जाताना त्यानं एक बोटाएवढी काचेची नळी काढली, अन् फ्रिजच्या मांगच्या कोपऱ्यात ठेवली. आत तिरपी जमवलेली खळ, म्हंजे त्याचं खानं, त्यावर ते गुलाबी. "आपलं विरजन शेजारच्या एका घरी असू द्यावं, आपलं नासलं त मागता येते, असं तूच म्हनते ना? हे बर्फाचं विरजन. लॅबमधी नासलं त इथून मागून नेईन."

"तुह्या साहेबाले माहीत हाय?"

"नाही."

"मंग?"

"मंग तू नको सांगू."

त्या पावसाळ्यात त्याले ताप आला. तापाचंच निमित्त झालं. एवढंच सांगते, पुढचं मले कोनी इचारू नये.

दिवस जाऊन राह्यले होते, म्हंजे ते जातातच, आपून म्हनलं काय अन् नाही म्हनलं काय. एका सोमवारी फ्रिज पुसत होती, त नळी हातात आली. आतली खळ सुकली होती, काचेपासून सुटून आकसली होती. सुकलं म्हंजे उपाशी हाय, दुसरं काय? मी दूध उकळलं, साय काढली, चांगलं गार केलं, फ्रिजमधी ठेवून आनखी गार केलं, अन् चमच्याच्या टोकानं दोन थेंब आत सोडले. त्याच दुपारी मी गंजापाशी बसल्या बसल्या झोपली, अन् ते सपन पहिल्यांदा पडलं.

सगळं पांढरं. पन डोळे दुखत नव्हते. थंडी होती, पन अंगाले चावत नव्हती, भीमपूरले जवारीच्या कडब्यावर दहिवर पडते त्यात सकाळी हात घातल्यावर वाटते तेवढीच. आवाज नाही. वास नाही. सूर्य एका जागी, पिवळा, आपला कोनाची तरी वाट पाहून राह्यल्यासारखा. अन् लाल कोट घालून भूषण, एका दगडावर वाकून, माह्याकडं पाठ. मी तिथं आमचाच एक गंज पालथा घालून त्यावर बसलेली. मी म्हनलं, जेवला का रे? तो वळला नाही, म्हने, थांब, झालंच. बस, एवढंच. पन किती वेळ मी तिथं बसून होती! बर्फावरून वारं चालत जाये, त्याच्या कोटाची किनार हाले, मी पाहात राहो. उठली त पाय गारठून गेले होते. मालक म्हनाले, "तुळजे, पाय काऊन थंडे पडले तुहे?" बाहेर ऊन तावत होतं.

पुढच्या सोमवारी पुन्हा दोन थेंब दिले, पुन्हा सपन. त्याच्या पुढच्या बी. ज्या सोमवारी काही कामानं राहून गेलं, त्या सोमवारी नाही पडलं. मंग मी एकही सोमवार चुकवला नाही. तुमाले हासू येत असन त हासा, पन माहं पोरगं त्या नळीतून येत होतं, अन् मी ते कोनाले सांगितलं नाही, मालकालेही नाही. मालक आपले बडबडत, फ्रिज जुना झाला, नवा घेऊ. मी म्हने, फ्रिजले हात लावला त याद राखा.

असे दोन पावसाळे गेले. मागच्या हिवाळ्यात, आदिलाबादेत धुकं असं उतरलं होतं की कापसाच्या गाड्यांचे निस्ते दिवेच रस्त्यानं चालताना दिसत, अशात एक पोरगी नागपूरच्या बसनं आली. चष्मा, नाक लाल, गळ्यात मफलर. दुकान शोधत शोधत येईस्तोवर दिवे लागले होते. "काकू, मी स्वरा. भूषणसोबत काम करायचे."

मी तिले आत घेतलं. चहा दिला. बसली, अन् कप हातातच धरून एकदम बोलायले लागली. उन्हाळ्यात लॅबमधलं मोठं फ्रीझर बंद पडलं, कोनाले समजेस्तोवर आतलं सगळं वितळून गेलं. भूषणनं आनलेलं सगळं. दुसरीकडं जे ठेवलं होतं ते बी मेलं. "इतक्या वर्षांचं काम होतं काकू, त्याचं आणि माझं. आता काहीच नाही. मग मला आठवलं, तो एकदा चेष्टेत म्हणाला होता, माझं एक विरजण आईच्या फ्रिजमध्ये आहे. तेव्हा मला वाटलं, दह्याबद्दल बोलतोय." अन् तिनं मान वर केली. "आहे का ते?"

हाय म्हनलं त ती नेईन, नाही म्हनलं त खोटं.

"दिवे लागले आता," मी म्हनलं. "दिवे लागल्यावर विरजन देत नाही आमच्यात."

ती माह्याकडं पाहातच राह्यली. आता ही बाई वेडी हाय की काय, असं तिच्या चष्म्यात साफ दिसलं. पन हाय म्हनून मी कबूल केलं होतं, अन् ते तिले बरोबर समजलं. राह्यली त्या रात्री. आंबाडीची भाजी अन् भाकर वाढली, नाक ओढत ओढत दोन भाकरी खाल्ल्या. पोरगी बरी वाटली मले. म्हून सरळच इचारलं, "तुमचं दोघांचं काही होतं का?"

"नाही हो काकू. आम्ही नुसते भांडायचो."

"मंग होतं," मालक म्हनाले, अन् हात धुवाले गेले.

सकाळी मी मनाशी ठरवलं, अर्धं द्याचं. मागनारीले वाटीभर, घरात चमचाभर. रीतही राहाते अन् माहं सपनही राहाते. नळी काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं खिडकीपाशी नेली, उजेडात धरली, अन् हलेचना.

"काकू, हे पांढरं काय आहे?"

"दूध. दर सोमवारी देते."

"दूध?"

"मंग काय उपाशी मारू? सुकून गेलं होतं ते!"

ती खाली पाटावर बसली. नळी नुसती फिरवत राह्यली, अन् तिचं नाक जास्तच लाल झालं. मंग तिनं मले समजावून सांगितलं, हळू, जसं आजारी मानसाले सांगतात. नळी उघडली की हवेतलं, हातावरचं, चमच्यावरचं सगळं आत जाते. घरातला बुरा, दह्यातले जीव, समदे. आता आत कोन हाय, कोन जित्तं अन् कोन मेलं, हे नुसतं पाहून सांगता येत नाही. ते मूळचं गुलाबी कवाच मेलं असन, अन् हे जे वर दिसते ते आपल्या सैपाकघरातलंच काही असन, असंही होऊ शकते.

मी ऐकलं. अन् मले असा राग आला! तिच्यावर, त्या नळीवर, स्वतःवर, कोनावर माहीत नाही.

"म्हंजे मी दोन वर्षं दूध पाजलं कोनाले?" मी म्हनलं. "माह्या पोराच्या नावानं मी भाकरीचा बुरा पोसून राह्यली होती का?"

"माहीत नाही काकू. लॅबमध्ये नेऊन वेगळं करून पाहावं लागेल. पण सगळं न्यावं लागेल. जिवंत असलं तर इतकंसं असेल, आणि ते नेमकं कुठल्या अर्ध्यात आहे, कसं कळणार?"

सगळं. मागनारा देव असला तरी सगळं देऊ नये, अन् इथं ही मफलरवाली सगळं मागत होती. मालक दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हनाले, "राहू दे ना तुळजे. देऊ नको. समजलं नाही तवरच बरं असते." माह्या मनातलंच बोलले. मी नळी तिच्या हातातून घेतली अन् पदराच्या गाठीत बांधली.

तेवढ्यात दुकानात मांगच्या गल्लीतली तेलुगू बाई आली, हातात इतकुशी वाटी. "अम्मा, कोंचेम तोडु इव्वंडी." मी चमचाभर विरजन घातलं, ती गेली. स्वरा म्हने, काय मागत होती? मी म्हनलं, विरजन. तेलुगूत विरजनाले तोडु म्हनतात. अन् तोडु म्हंजे सोबत बी. दोन्हीले एकच शब्द. दूध एकटं ठेवलं त नासते, सोबत दिली त दही होते. भूषणच सांगे हे, तेलुगू शाळेत शिकून आला होता.

तिनं माह्या पदराच्या गाठीकडं पाह्यलं. मंग म्हने, "मग काकू, ही नळी कुणाची सोबत आहे? त्याची, की तुमची?"

"लय आगाऊ हाय तू," मी म्हनलं. "बस दुपारी हाय ना तुही? तवरिक पड जरा."

तिले सांगितलं पड, अन् पडली मीच. गंजांपाशी, भिंतीले टेकून. धुकं दुपार झाली तरी उठलं नव्हतं, दारातून आत येऊन राह्यलं होतं, दुकान अर्धं दुकान अन् अर्धं दुसरंच काही दिसत होतं. दूध बी नव्हतं दिलं त्या दिवशी नळीले. तरी सपन पडलं.

तेच पांढरं, तोच सूर्य. पन भूषण आज एका दगडापाशी नव्हता. तो एक दगड उलटवे, खाली पाहे, पुढं जाये, दुसरा उलटवे. लाल कोट दूर दूर जाऊन राह्यला होता. मी हाक मारली, काय पाहून राह्यला रे? तो म्हने, नळी. इथंच कुठं तरी ठेवली होती, सापडूनच नाही राह्यली. त्याचे हात थंडीनं भेगाळले होते. तो दगड उलटवत गेला, उलटवत गेला, अन् त्याची पाठ वाकून गेली होती, म्हाताऱ्या मानसावानी. अन् नळी माह्या पदराच्या गाठीत होती. मले ते माहीत होतं. मी गंजावर बसून होती अन् मी बोलली नाही. काऊन नाही बोलली? नळी दिली असती त त्याचं काम झालं असतं, अन् काम झालं की तो निघून गेला असता. म्हून मी तोंड मिटून पोराचे हात पाहात बसली.

जाग आली त मले माहीच शरम वाटली. अशी शरम की डोळे वर करवेना.

उठली. गाठ सोडली. स्वरा बॅग भरत होती. तिच्या हातावर नळी ठेवली अन् तिच्या बोटांवरून माही बोटं दाबली. "घे. सगळं घे. काही राखलं नाही म्या."

तिनं संगं आनलेल्या बर्फाच्या पेटीत ठेवली. मी म्हनलं, काही निघालं त फोन कर. नाही निघालं तरी कर. खोटं नको बोलजो, मी बाजारात बसते, मले खोटं समजते. ती हो म्हनली अन् एकदम माह्या पाया पडाले वाकली, तिचा चष्मा खाली पडला. मालक, जे सकाळी देऊ नको म्हनत होते, तेच पेटी घेऊन बस स्टँडवर पोचवाले गेले. डायवरच्या मांगची जागा धरून दिली म्हने, धक्के कमी लागतात तिथं.

पुढच्या सोमवारी सपन पडलं नाही. त्याच्या पुढच्या बी नाही. मी दुपारी मुद्दाम झोपो, उशाले त्याचा जुना रुमाल घेऊन झोपो, पन डोळ्यापुढं निस्ता अंधार, साधा, काळा, सगळ्यांले पडते तसा. मालकाशी भांडली, सखूबाईशी भांडली, एका गिऱ्हाइकाच्या अंगावर ताक फेकता फेकता राह्यली. स्वराले मनात लय शिव्या दिल्या. सगळं देऊ नये म्हनली होती माय, उगीच म्हनली होती का? पोरगं एकदा गेलं होतं, ते म्या आपल्या हातानं पुन्हा धाडलं, असं वाटे. दोनदा दही पानचट लागलं. दुकानाच्या उभ्या जन्मात असं झालं नव्हतं.

होळी झाली, ऊन तापू लागलं. फोन आला तवा मी साय काढत होती.

"काकू, ऐकताय ना? बसलाय ना तुम्ही?"

"मी बसलेलीच असते. बोल लवकर."

"जिवंत आहे."

मले पुढचं धड ऐकूच आलं नाही, तिले पुन्हा सांगाले लावलं. नळीत कायकाय होतं, सैपाकघरातलं सारं होतं, तुमचं दही बी होतं, ती म्हनली. पन फ्रिजच्या थंडीत ते सगळं सुस्त पडून होतं. जागं एकच होतं. ते बर्फातलं. दूध फक्त त्यालेच खाता आलं. खळ सुकत चालली होती काकू, ती म्हने, मी मोजून सांगू शकत नाही, पण तुम्ही दूध घातलं नसतं तर बहुतेक राहिलं नसतं. आता लॅबमध्ये बशा भरल्यात, गुलाबी. अन् दूध खाते, पहिल्यापेक्षा जास्त भराभर खाते, असं वाटतंय, अजून तपासतोय. मी इचारलं, मंग ते बिगर साखरेचं दूध? ती म्हने, वेळ आहे काकू अजून, वर्षं जातील. पण आता सुरुवात तरी आहे.

"दूध गार देता ना? साय काढून?"

"हो काकू."

"देत जा. मोठं पातेलं नको. थोडं थोडं द्या."

ती हासली, अन् हासता हासता रडाले लागली, फोनवर, एवढी शिकलेली पोरगी. म्हने, रोज सकाळी लॅब उघडली की आम्ही सगळे आधी त्यालाच बघतो.

फोन ठेवला. मालक समोर उभे होते. मी त्यायले सांगितलं, सपनासकट सारं. ते खाली बसले, गल्ला उघडाच होता, अन् आमी दोघंही रडलो. तापाच्या त्या दिवसापासून मी अशी रडली नव्हती. एक गिऱ्हाइक येऊन उभं राह्यलं, पाहून निघून गेलं. जाऊ दे, उद्या येईन.

सपन त्यानंतरही पडलं नाही. पह्यले मले वाटे, फोन आला, आता तरी येईन. सोमवारची वाट पाहो. आता नाही पाहात. दुपारी झोप लागली त लागते, पाय गरम असतात. सखूबाई परवा म्हनली, भूषण सपनात येते का गं अजून? तिले कोनं सांगितलं काय माहीत, मालकानंच सांगितलं असन, त्यांच्या पोटात काही राहात नाही. मी म्हनलं, नाही येत.

"वाईट वाटत असन."

"वाटते ना. पन नाही येवो," मी म्हनलं. "कामावर गेला असन तो."